घरचा हिशेब घराला माहीत हवा

शेतकऱ्याच्या घरात दिवसभर बोलणे चालूच असते. पहाटे धार काढताना, न्याहारी बांधताना, रात्री जेवायला बसताना. लाइट किती वाजता येणार, पाळी कोणाची, खुरपणीला बायका किती सांगायच्या, म्हैस का चारा खाईना, एक ना दोन, शंभर गोष्टी निघतात. पण या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. आपल्या डोक्यावर कर्ज किती, ते कोणाचे, व्याज काय आणि फेड कधी, हे एकट्या घरधन्याच्या मनात असते. घरधनिणीला थोडाफार सुगावा लागलेला असतो. पण ती विचारीत नाही आणि तो सांगत नाही.

ओळखीच्या एका घरची ही गोष्ट आहे. गावाचे व माणसांचे नाव सांगण्याचे कारण नाही. वाचकांपैकी अनेकांना ती आपल्याच आळीतली वाटेल.

चार एकर जमीन, कांदा आणि बाजरी. एका उन्हाळ्यात विहीर आटली म्हणून घरधन्याने बोअर घेतले. ९५,००० रुपये गेले आणि बोअर कोरडे निघाले. "पैसं कुठून आणलं?" असे बायकोने विचारले, तेव्हा "व्यापाऱ्याकडनं उचल घेतली," एवढेच तो म्हणाला. खरे म्हणजे ते पैसे त्याने गावातल्याच एकाकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने उचलले होते. महिन्याला २,८५० रुपये, म्हणजे वर्षाला ३४,२०० रुपये नुसते व्याज! शिवाय विकास सोसायटीचे १,४०,००० रुपये आणि खताच्या दुकानाची ३२,००० रुपये उधारी होती.

अशातच थोरल्या मुलीचे लग्न ठरले. आईच्या मनात आले, पहिलेच कार्य आहे, हॉल घ्यावा, चार माणसांत उठून दिसावे. नवरा काही बोलत नाही त्या अर्थी पैशाची सोय असेल, असे तिने धरून चालले. त्याला वाटले, हिला सांगितले तर हिचा हिरमोड होईल. मुलीला साधेच लग्न हवे होते. पण आईबापांची हौस आहे, आपण कशाला मोडता घाला, म्हणून तीही गप्प राहिली. तिघांनी एकमेकांचे मन राखले आणि खर्चाचा आकडा वाढत गेला.

घरधन्याची भूक मेली. दावे सुटले, तांब्या पडला, एवढ्यावरूनही तो वसवस करू लागला. बायकोला वाटले, आपल्यावरच राग आहे. शेवटी एका रात्री भांडी आवरल्यावर ती त्याच्याजवळ ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, चार दिस झालं, तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठताय. माझं काही चुकलं असंल तर बोला. पैशाचं काही असंल तर तेबी बोला. मी समदं ऐकून घेते, मधी बोलत न्हाई."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "बोअरचं पैसं अजून फिटलं न्हाईत." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळेच सांगून मोकळा झाला.

"इतके दिस मला परक्यावानी ठेवलंत!" हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण तिने शब्द दिला होता, तो पाळला. तिने मुलीला हाक मारली, वही आणायला सांगितली आणि एकेक आकडा लिहून घ्यायला लावला. बेरीज झाली २,६७,००० रुपये. घरधनी वहीकडे बघतच राहिला. म्हणाला, "माझ्या मनात तर तीन लाखाच्या वर आकडा हुता!" इतक्या दिवसांत त्याने स्वतःही कधी बेरीज केली नव्हती.

मुलगीच पुढे म्हणाली, "आबा, मला हॉल नको. आपल्या दारात मांडव घाला." लग्नासाठी दीड लाख रुपये साठवले होते. त्यातून आधी व्याजाचे ९५,००० फेडले. दुसऱ्या दिवशी आईबाप दोघेही व्याह्यांकडे गेले आणि आहे ती परिस्थिती त्यांना सांगितली. तेही शेतकरीच, त्यांनी मान्य केले. उरलेल्या ५५,००० रुपयांत आईने आपल्या बचत गटातून शेकडा एक रुपयाने काढलेले ४०,००० घातले आणि लग्न दारात, नेटके पार पडले. कर्ज काही संपले नाही. सोसायटी, दुकान आणि गट मिळून २,१२,००० रुपये देणे अजून आहे. पण महिन्याचे २,८५० रुपये गळायचे थांबले, आणि घरधनी पोटभर जेवू लागला.

मंडळी, कर्जाचा कागद आणि शेतकरी यांची कथा जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे व चोपड्या जाळल्या आणि हे लोण आसपासच्या गावांत पसरले. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्यालाच ठाऊक नसे. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, अशा तरतुदी आल्या. आज आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकाराला परवाना लागतो, त्याने पावती व हिशेब दिला पाहिजे, ठरवून दिलेल्या दरापेक्षा जास्त व्याज त्याला घेता येत नाही. विनापरवाना सावकाराने जमीन लाटली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. पण ज्या घरात कर्जाची गोष्टच कोणाला माहीत नाही, त्या घरातून पावती मागायला जाणार कोण?

आणि एक कटू गोष्ट बोलायलाच हवी. माणसाच्या जिवाचा भरवसा नाही. घरधनी अचानक गेला, तर तेराव्याच्या मांडवात कोणीतरी येऊन सांगतो, "तुमच्या मालकाकडं माझं एवढं येणं हाय." तो खरे बोलतो की खोटे, हे त्या माउलीला कळायला काही मार्ग नसतो. तिला दुःख करायलाही उसंत मिळत नाही.

बरे, हिशेब उघड मांडण्याची रीत आपल्या गावांना नवी नाही. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याचे काम सुरू केले. तेव्हापासून गावोगावच्या बाया नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही ही पंचसूत्री पाळत आल्या आहेत. गटात कोणी किती उचलले, कोणाचा हप्ता थकला, हे सगळ्यांसमोर वाचले जाते, आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. मग जी बाई गटात हिशेब ठेवते, तिला आपल्याच घरचा हिशेब का माहीत नसावा? गटाची हीच रीत घरात आणावी.

त्यासाठी काय करावे?

महिन्यातली एक रात्र ठरवावी. जेवणे झाली, जनावरांना वैरण टाकली, म्हणजे अर्धा तास बसावे. माणूस रानातून दमून आला असता, ताटावर बसला असता किंवा पाहुणे असताना हा विषय काढू नये. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला.

एक वही करावी. तिच्यात चार रकाने आखावेत: कोणाचे, किती, केव्हा फेडायचे आणि कागद कोठे ठेवला आहे. सोसायटीच्या पीककर्जाची मुदत ठळक लिहावी, कारण मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते. नवं-जुनं करण्यासाठी चार दिवसांपुरते कोणाकडून उचलले असेल, तर तेही लिहावे. तीच रक्कम पुष्कळदा अंगावर राहते.

सांगणाऱ्याने आधी आकडा सांगावा, कारणे मागाहून सांगावीत. ऐकणाऱ्याने बोलणे पुरे होऊ द्यावे. "कशाला घेतलं?" या प्रश्नाने माणूस पुन्हा तोंड मिटतो. "आता काय करायचं?" असे विचारले की तो सावरतो. मागची उणीदुणी त्या रात्री काढू नयेत.

जाणत्या मुलामुलींना जवळ बसवावे. बापाची ओढाताण मुलांना दिसतेच. कारण कळले नाही, तर ती आपल्या मनाने काहीतरी भलतेच धरून बसतात. मात्र घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, एवढे त्यांना बजावावे.

भगिनींनीही एक ध्यानात ठेवावे. गटाचे किंवा फायनान्सवाल्याचे कर्ज नवऱ्यापासून लपवून काढले जाते, माहेरी दिलेले पैसे लपवले जातात, अशीही घरे आहेत. वहीत आपलेही देणे लिहिले पाहिजे. एकाने उघडे बोलायचे आणि दुसऱ्याने झाकून ठेवायचे, हे चालायचे नाही.

आणि घरातला माणूस जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, एकटाच विहिरीच्या कडेला बसू लागला, "माझ्यामागं तुम्ही सुखी व्हाल" असे काही बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याला सरळ विचारा. विचारल्याने वाईट घडत नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येते, आणि सरकारी दवाखान्यातही दाखवता येते. कर्जाला वाटा निघतात. गेलेला माणूस परत येत नाही.

आपल्या बापजाद्यांनी बांधाची काळजी घेतली, कारण बांध फुटला की माती वाहून जाते. घरात मोकळे बोलणे हाही बांधच आहे. येत्या आठवडी बाजारात पेंडीबरोबर एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर आपल्या हाताने पहिला आकडा लिहा, आणि घरच्या माणसाला तो वाचून दाखवा.