पाण्याची नाडी पाहणारे जहाज

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावाहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिथल्या शेतकऱ्याने कोचीच्या नौदल धक्क्यावरच्या ‘आयएनएस सागरध्वनी’ची दखल का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेले हे ८५ मीटर लांबीचे जहाज ३० जुलै १९९४ रोजी नौदलात दाखल झाले. लढाई हे त्याचे काम नाही. संरक्षण संशोधन संस्थेच्या कोचीतील ‘एनपीओएल’ प्रयोगशाळेसाठी ते समुद्रातल्या आवाजाचा अभ्यास करते. ध्वनीने पाण्याखालचा वेध घेणारा सोनार कितीही चांगला बनवला, तरी पाण्याचा स्वभाव ठाऊक नसेल तर तो अर्धा बहिराच राहतो. म्हणून माझ्या मते हे बिनलढाऊ जहाज लढाऊ जहाजांइतकेच गरजेचे आहे.

समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, पण सरळ रेषेत नाही. पाणी गार झाले की त्याचा वेग घटतो, आणि जिथे वेग कमी तिकडे तो वळतो. दुपारच्या उन्हाने वरचा थर तापला की जहाजावरून सोडलेला ध्वनी खाली वाकतो. मग जवळच, पण वरच्या थरात असलेली पाणबुडीही त्याच्या टप्प्याबाहेर राहू शकते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या घटनेचे खापर एकट्या पाण्यावर फोडता येणार नाही. पण आधी कोणाला कोणाची चाहूल लागते यावर जीव अवलंबून असतात, हे तिथे दिसले. म्हणून सागरध्वनीवरून तारेला बांधलेली उपकरणे खोल सोडतात आणि हातागणिक बदलणारे तापमान व क्षारता नोंदवतात. पाण्यातले आवाज टिपणारा हायड्रोफोन खाली असताना जहाजाला स्वतःची घरघरही आवरावी लागते, नाहीतर कानात स्वतःचाच आवाज भरतो.

उपग्रह असताना जहाज कशाला, असे कोणी विचारील. उपग्रहाला पृष्ठभागाचे तापमान कळते. त्याच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात फार खोल जात नाहीत. तरंगती स्वयंचलित यंत्रे खालचे तापमान कळवतात खरी, पण ठरल्या जागी ध्वनी सोडून तो दूरवर कसा पोचला हे ती तपासत नाहीत, आणि तळाची माती आवाज किती गिळते हेही सांगत नाहीत. दुसरा आक्षेप गुप्ततेचा: लष्करी नोंदींचा लोकांना काय उपयोग? काही नोंदी झाकलेल्याच राहणार, आणि ते योग्यच आहे. पण २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘सागरमैत्री’ मोहिमेत हे जहाज ‘आयएनएस किस्तना’च्या जुन्या मार्गांवरून पुन्हा जाऊ लागले. किस्तना १९६२ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत होती, आणि त्याच मोहिमेतून १९६६ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आवाज वळवणारे हेच उबदार थर मोसमी वाऱ्यांना बाष्प पुरवतात, आणि त्या वाऱ्यांवर राणीसावरगावची पेरणी ठरते.

राहिला खर्च. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीओएलसाठी नव्या ध्वनिसंशोधन जहाजाचा सुमारे ४९१ कोटींचा करार गार्डन रीचशीच झाला. रक्कम मोठी आहे, पण एका युद्धनौकेपुढे ती किरकोळ ठरते. सागरध्वनी तिशी ओलांडून गेले आहे. हा करार दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.