पाय टेक्सासचे, वेल तासगावची

सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकलं की मांजरी येते. २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेलं आणि पुणे शहर द्राक्षाच्या मांडवाला येऊन टेकलं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७पासून इथे आहे. द्राक्ष म्हटलं की बोलणं वाणावर येतं: थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन. जमिनीखाली काय आहे हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. बागायतदार मात्र नवी बाग धरताना आधी तेच ठरवतो.

पूर्वी द्राक्षाची काडी थेट जमिनीत लावत आणि बाग स्वतःच्याच मुळांवर उभी राही. मग विहिरी आटल्या, बोअरचं पाणी खारट लागू लागलं, पानांच्या कडा करपू लागल्या. अशा जमिनीत तग धरणारं मूळ, म्हणजे खुंट, हवं होतं, ते मिळालं डॉगरिजचं. हा अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा वाण, टेक्सासच्या बेल परगण्यातल्या डॉग रिज भागातला. तो टी. व्ही. मन्सन या द्राक्षतज्ज्ञाने हेरला. फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उठवल्या, तेव्हा त्या अमेरिकी खुंटांवर पुन्हा उभ्या करण्याच्या कामात मन्सनचा मोठा वाटा होता. फ्रान्सने १८८८ साली त्याचा सन्मान केला. आपल्याकडे दुखणं वेगळं होतं, किडीचं नव्हे तर पाण्याचं आणि क्षारांचं. औषध मात्र त्याच मुलखातून आलं.

खुंटावर वाणाची काडी जोडण्याची, म्हणजे कलमाची, रीतही आपली वेगळी. युरोपात खुंटाची आणि वाणाची अशा दोन्ही सुप्त काड्या टेबलावर यंत्राने कापून जोडतात, उबदार खोलीत जोड धरू देतात आणि मग रोपवाटिकेत लावतात. आपण आधी नुसता खुंट शेतात लावतो. डॉगरिजच्या काडीला मुळं फुटायला कंटाळा, म्हणून ती संजीवकात बुडवून पिशवीत रुजवावी लागते. अशी रोपं उन्हाळ्याच्या तोंडाशी रानात जातात आणि पावसाळाभर जोमाने वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरात खोड पेन्सिलीएवढं झालं की कलमाची वेळ. हवेत दमटपणा, ऊन बेताचं, खुंटात रस जोरात. उबदार खोलीचं काम ऋतूच करतो, तेही फुकट!

मग कलम करणाऱ्यांची टोळी येते. आदल्या दिवसांत रानाला भरपूर पाणी दिलेलं असतं. खुंट जमिनीपासून फूट-दीड फुटावर आडवा कापतात आणि मधोमध बोट-दोन बोटं उभी चीर देतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पिकलेली, आतला गाभा तपकिरी झालेली सायन काडी, म्हणजे हव्या त्या वाणाची काडी, घ्यायची. तिचे दोन डोळे ठेवून खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. पाचर चिरेत सरकवताना काडीची आणि खुंटाची साल निदान एका बाजूला तंतोतंत जुळली पाहिजे. खुंट जाड आणि काडी बारीक असेल, तर पाचर मधोमध न ठेवता एका कडेला सरकवतात. सालीखालच्या त्या हिरव्या थराचा थराला स्पर्श झाला तरच जोड धरतो. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. हात चाललाय की सुरी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. कुशल माणसाची मजुरी झाडावर ठरते आणि पुढची दहा-पंधरा वर्षं त्याच्या एका कापावर अवलंबून असतात. त्याचं नाव मात्र कुठल्याच पेटीवर छापलेलं नसतं.

पंधरवड्याच्या सुमारास डोळा फुगतो. खुंटावरून येणारी फूट तेवढ्यात काढत राहावी लागते, नाहीतर डॉगरिज स्वतःच वेल होऊन बसतो. थंडीत वाढ मंदावते. थंडी ओसरली की जोडाच्या वर काही डोळे राखून रिकट घेतात, म्हणजे वेल पुन्हा छाटतात, आणि तिथून निघालेली जोमदार फूट बांबूला बांधून खोड व ओलांडे (आडव्या फांद्या) तयार करतात. अशा रीतीने वसंतराव आर्वे यांनी तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात टेक्सासच्या मुळांवर उभी राहते.

डॉगरिजचं सगळंच गोड नाही. त्याचा जोर इतका की वेल पानांतच रमते. ढगाळ हवेत ही वाढ आवरली नाही, तर घड जिरतात किंवा गोळी घड निघतात आणि बागायतदार कपाळावर हात मारतो. म्हणून ११०-आर हा मध्यम जोमाचा खुंट चर्चेत आला. मांजरीत दोघांची तुलना बरीच झाली आहे. ११०-आरवर फळधारणा चांगली मिळते, पण पाणी खारट आणि जमीन क्षारपड असेल तर अजून डॉगरिजचाच आधार वाटतो. माझ्या मते, शेजाऱ्याच्या बागेत काय आहे हे पाहून खुंट निवडणं ही सर्वांत महाग चूक. माती-पाण्याच्या तपासणीला त्यामानाने किरकोळ खर्च येतो. वाण पसंत पडला नाही, तर जुन्या खोडावर दुसऱ्या वाणाचं कलम करता येतं. खुंट चुकला, तर बागच उपटावी लागते.