नागपुरात न झालेली फिक्सिंग

19 मार्च 2000. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, मालिकेतला पाचवा एकदिवसीय सामना. मैदानात येण्याआधीच पाहुण्या संघाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने आपल्या दोन खेळाडूंना हॉटेलच्या खोलीत गाठून एक प्रस्ताव दिला होता. सलामीवीर हर्शेल गिब्जने 20 च्या आत बाद व्हायचं, हेन्री विल्यम्सने दहा षटकांत 50 च्या वर धावा द्यायच्या आणि संघाची धावसंख्या 270 च्या पुढे जाऊ द्यायची नाही. मोबदला, प्रत्येकी 15 हजार डॉलर. दोघांनीही होकार दिला.

मग सामना सुरू झाला आणि ठरलेलं एकही घडलं नाही. गिब्जची बॅट अशी तळपली की 53 चेंडूंत 74 झाल्या. विल्यम्सचा खांदा अकराव्या चेंडूनंतर दुखावला, त्यामुळे पन्नास धावा द्यायला तो मैदानात उरलाच नाही. संघाने 270 कुठल्या कुठे मागे टाकले आणि 320 ठोकल्या. भारत 310 पर्यंत पोहोचला. दहा धावांनी सामना हरायचा तो भारत रीतसर हरला आणि लोक चुकचुकत घरी गेले. ठरलेले पैसे ना गिब्जला मिळाले, ना विल्यम्सला.

क्रिकेटच्या सगळ्यात गाजलेल्या फिक्सिंग प्रकरणातला हा सामना मुळात फिक्स झालाच नाही! स्कोअरकार्ड कितीही वेळा तपासलं तरी त्यात काही सापडणार नाही, कारण ते खरं आहे. गुन्हा त्या खोलीत दिलेल्या होकारात होता आणि होकाराची नोंद स्कोअरर ठेवत नाही. तो बाहेर आला निव्वळ योगायोगाने. दिल्ली पोलिसांची गुन्हे शाखा एका खंडणीच्या तपासात फोन ऐकत होती आणि ऐकता ऐकता दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचा आवाज कानावर पडला. 7 एप्रिलला त्यांनी ते जाहीर केलं. क्रोनिएने आधी सगळं नाकारलं. चारच दिवसांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मंडळाच्या प्रमुखांना फोन करून आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो अशी कबुली दिली.

जूनमध्ये केपटाऊनला, या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या किंग आयोगापुढे एकेक गोष्ट निघाली. एका कसोटीच्या बदल्यात मिळालेलं चामड्याचं जॅकेटही निघालं. कर्णधाराने आपल्या देशाची इभ्रत कशापायी विकली, तर रोकड आणि एक जॅकेट! पण मला त्या जॅकेटपेक्षा नागपूरच्या खोलीची गोष्ट जास्त खटकते. वर्णभेदाची राजवट संपून सहा वर्षंही झाली नव्हती आणि गोऱ्या कर्णधाराने पैशाचं आमिष घेऊन गाठले ते संघातले दोन गौरेतर खेळाडू. संघात जागा टिकवायची असलेला माणूस कर्णधाराला नाही म्हणू शकतो का?

गिब्ज आणि विल्यम्सने आयोगापुढे कबूल केलं. दोघांना सहा महिन्यांची बंदी झाली. गिब्जला 60 हजार रँड दंड, विल्यम्सला 10 हजार. क्रोनिएला आजीव बंदी. जून 2002 मध्ये विमान अपघातात तो गेला, वय 32. त्याला परत येण्याची संधी कधी मिळालीच नाही, मैदानात तर नाहीच. तरी 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एका टीव्ही वाहिनीने देशातल्या थोर माणसांसाठी मतं मागवली तेव्हा क्रोनिए अकराव्या क्रमांकावर आला. इतकं होऊनही!

गिब्जचं उलट झालं. आयुष्य मिळालं, संधी मिळाली, आणि बॅट तर होतीच. भारतात मात्र तो कित्येक वर्षं पाय ठेवेना, अटक होईल या धास्तीने. अखेर 2006 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी आला तेव्हा दिल्ली पोलिसांच्या चौकशीला सामोरा गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाच्या 434 धावांचा पाठलाग करताना त्याने 111 चेंडूंत 175 काढल्या होत्या. आज गिब्ज म्हटलं की आपल्याला ते 175 आठवतात, किंवा 2007 च्या विश्वचषकात एका षटकात मारलेले सहा षटकार. पुढे तो डेक्कन चार्जर्सकडून आयपीएल खेळला, आणि 2010 मध्ये तेलंगणाच्या आंदोलनामुळे या संघाचे काही घरचे सामने हैदराबादहून हलवले ते नागपूरला, जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर. म्हणजे गिब्ज ज्या संघात होता तो संघ नागपूरकरांना काही दिवसांपुरता घरचा झाला. कुणी भुवईही उंचावली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण 2000 च्या त्या सामन्यानंतर सात वर्षांनी, त्याच सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, पुन्हा एक टेप.

21 जानेवारी 2007. भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. नागपूरकरांना हा सामना आठवतो तो सौरव गांगुलीसाठी. संघातून काढल्यावर तो परतला होता आणि 98 वर धावबाद झाला. भारताने 338 केल्या, शिवनारायण चंदरपॉल 149 वर नाबाद राहिला, तरी पाहुणे 14 धावांनी कमी पडले. हे सगळं चालू असताना नागपूर पोलिसांकडे वेस्ट इंडीजचा मार्लन सॅम्युअल्स आणि एक बुकी यांच्या बोलण्याची ध्वनिफीत होती. तेव्हाचे पोलीस उपायुक्त अमितेश कुमार यांच्या पथकाने ती फेब्रुवारीत उघड केली. (हेच पुढे नागपूरचे पोलीस आयुक्त झाले.) पोलिसांचं म्हणणं होतं की सॅम्युअल्सने आपल्या गोलंदाजांबद्दल माहिती पुरवली, कोण केव्हा चेंडू टाकणार वगैरे.

आता कुणीही विचारेल, एवढ्याशा माहितीचं मोल काय? सट्ट्याच्या धंद्यात फार मोठं. कोण जिंकणार यावर लावलेल्या पैशापेक्षा सेशनवरची उलाढाल वेगळीच असते: पहिल्या दहा षटकांत किती धावा, पुढच्या पाचांत किती. नागपुरी भाषेत पैसे लावणं ती लगवाडी आणि पैज घेणं ती खायवाडी. बुकी बसल्या जागी भाव फिरवत असतो. ऑफस्पिनर सातव्या षटकात येणार की सतराव्या, हे ज्याला आधी कळलं त्याचा भाव इतरांच्या आधी हलतो. सामना हरवायची गरजच नाही. खेळाडूला वाटतं आपण कुणाचं नुकसान केलेलं नाही, आणि सापळ्याचं खरं दार तेच असतं.

आपल्याकडे फिक्सिंगसाठी वेगळा कायदा नाही. पोलिसांनी कितीही ऐकलं तरी शेवटी निकाल क्रिकेट मंडळाच्या समितीत लागतो. मे 2008 मध्ये वेस्ट इंडीज मंडळाच्या समितीने सॅम्युअल्सला दोषी ठरवलं. आरोप सामना विकल्याचा नव्हता. खेळाची बदनामी होईल असा पैसा वा लाभ घेतल्याचा होता. शिक्षा दोन वर्षं. त्याने चूक मान्य केली नाही, आपण निर्दोष आहोत हेच तो सांगत राहिला.

परतल्यावर तो आधीपेक्षा चांगला खेळाडू झाला, हे मला आजही अचंब्याचं वाटतं. 2012 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याची सरासरी शंभराच्या जवळ गेली, पुढच्या वर्षी विस्डेनने त्याला वर्षाच्या पाच खेळाडूंत बसवलं. 2012 च्याच ऑक्टोबरमध्ये कोलंबोला टी-20 विश्वचषकाची अंतिम फेरी: बाकीचे चाचपडत असताना त्याने श्रीलंकेच्या मलिंगाला फोडून 56 चेंडूंत 78 काढल्या. आणि 2016 च्या मार्चमध्ये पुन्हा टी-20 विश्वचषक, पुन्हा नागपूर. जामठ्याला वेस्ट इंडीजची गाठ पडली दक्षिण आफ्रिकेशी, म्हणजे क्रोनिएच्या देशाशी. चाळीसवर धावा काढून सॅम्युअल्स सामनावीर ठरला. ज्या शहरात त्याचं नाव टेपवर चढलं होतं त्याच शहराने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नऊ दिवसांनी ईडन गार्डन्सवर त्याने अंतिम सामन्यात नाबाद 85 काढल्या. कार्लोस ब्रॅथवेटचे चार षटकार सगळ्यांना आठवतात, पण समोर उभा होता तो सॅम्युअल्स. सामन्यानंतर पॅड न उतरवता, पाय टेबलावर ठेवून त्याने पत्रकारांना उत्तरं दिली. दोन टी-20 विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांत सामनावीर. क्रिकेटच्या लेखी तो धुतल्या तांदळासारखा झाला.

नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच्यावर पुन्हा बंदी आली, सहा वर्षांची. अबुधाबीच्या 2019 च्या टी-10 स्पर्धेशी जोडलेली कलमं होती: भेटवस्तू आणि पाहुणचार लपवणं, चौकशीत सहकार्य न करणं, माहिती दडवणं. म्हणजे दोन्ही वेळा मूळ गोष्ट एकच, कुणीतरी दिलेलं आणि आपण घेतलेलं.

2016 च्या त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. पण त्या धावांसाठी होत्या, आणि आपण त्यांत माणसाचं प्रमाणपत्रही वाचलं. गर्दी माफ करते तेव्हा कबुली मागत नाही, चौकशी करत नाही, धावफलक पाहते. ती सॅम्युअल्सला माफ करते आणि गिब्जलाही, आणि दोघांतला फरक तिला दिसत नाही: गिब्जने शपथेवर सांगितलं होतं की मी होकार दिला, सॅम्युअल्सने कधीच काही कबूल केलं नाही. गिब्जच्या 175 मुळे तो नागपूरचा होकार पुसला गेला असं मला वाटत नाही. पुसला गेला असेल तर केपटाऊनच्या त्या साक्षीमुळे, आणि थोडासा दिल्लीच्या चौकशीमुळे. पण ते कुणी हायलाइट्समध्ये दाखवत नाही.

आणि ज्याच्याकडे धावा काढायला, बळी घ्यायला जागाच उरत नाही त्याचं काय? मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण मे 2013 मध्ये आयपीएलच्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात पकडला गेला, त्या सप्टेंबरात त्याला आजीव बंदी झाली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने मोक्का टिकत नाही म्हणून सगळ्या आरोपींना मुक्त केलं, त्यातही तो होता. भारतीय क्रिकेट मंडळाने बंदी मात्र कायम ठेवली. पुढे 2021 मध्ये मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली, तीही तोवर संपून गेली होती. चव्हाणचं वय तेव्हा पस्तिशीच्या घरात. क्लब क्रिकेट खेळण्याची परवानगी त्याला मिळाली. विश्वचषकाची अंतिम फेरी नव्हती, ईडन गार्डन्स नव्हतं. माफ करायला मैदानाभोवती कुणी नव्हतंच.