दोन घरांची लेक

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईजवळच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. बक्षीस समारंभ आटोपला, नारळ आणि शाल हातात पडली आणि मी निघण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या आतल्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या. शेजारी त्यांची अकरा वर्षांची मुलगी उभी होती. थोड्याच वेळापूर्वी याच मुलीने रंगमंचावर असा काही नाच केला होता की, मागच्या रांगेत गोंधळ घालणारी मोठी मुलेसुद्धा गप्प झाली होती.

"साहेब, तुम्ही पुस्तकं लिहिता. एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "पुण्याच्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. लेकराला माझ्याकडं पाठवा म्हणतात. घरी ठेवून शिकवीन, शाळेत घालीन, पुढं आमचा संच परदेशात जाईल तेव्हा हिलाही नेईन म्हणतात. पैसा मागत नाहीत. पण लेकरू परक्या घरी ठेवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. काय करावं?"

आयुष्यभर बँकेत कर्जाच्या अर्जांवर 'परतफेडीची क्षमता' हा रकाना भरत आलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की, तो आधी तारण शोधतो. मीही तसलेच काहीतरी बोललो. मॅडमची चौकशी करा, कागदावर लिहून घ्या, वगैरे. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ते करीनच. पण माझं वेगळंच आहे. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की सहा महिने मी आजीपाशी. आई परत आली की पहिले दोन दिवस मला तिच्याजवळ जायला लाज वाटायची. पाहुणीच वाटायची ती. माझ्या लेकीचं तसं व्हायला नको."

यावर मला काही उत्तर सुचले नाही. आपल्या बीड जिल्ह्यात घर सोडून जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात, गावे ओस पडतात आणि मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली लेकरे. पोटासाठी निघालेली ही माणसे आणि कलेसाठी परदेशी जाणारे नर्तक यांची तुलना होऊ शकत नाही, हे मलाही कळते. पण लेकरू कुणाजवळ राहणार, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. घरी आल्यावर मला आठवण झाली ती नव्वद वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या एका आईची. तिचे नाव वत्सला जोशी.

ही हकीकत समजायला आधी मादाम मेनका कोण हे सांगायला हवे. मूळ नाव लीला रॉय. जन्म 1899 मध्ये, आज बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. त्यांचे लग्न डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशी झाले. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक ते हेच. प्लेगच्या लशीसाठी नावाजलेल्या या संस्थेच्या संचालकाची पत्नी रंगमंचावर नाचते, ही त्या काळच्या मुंबईला पचायला जड जाणारी गोष्ट होती. नाच म्हणजे कोठीवरचा किंवा फडावरचा, घरंदाज बाईने त्याच्या वाटेला जायचे नाही, असा तो जमाना. आपल्याकडे संगीत नाटकांतल्या नायिकासुद्धा पुरुषच रंगवीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईचे धाडस कळते. जगप्रसिद्ध रशियन बॅले नर्तिका आना पावलोवा यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि लीलाबाई 'मेनका' या नावाने उभ्या राहिल्या.

त्यांनी केले ते असे. कथक हा मुळात एकट्याने, मैफलीत, समोरच्या रसिकाशी बोलत करायचा नाच. रंगला तर तासन् तास चालेल. मेनकांनी त्या कथकला बॅलेच्या साच्यात बसवले. एका नर्तकाऐवजी संच आला. कथानक, वेशभूषा आणि वाद्यवृंद आला आणि सगळे ठरलेल्या वेळात बसू लागले. शिकवायला पं. सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्यासारखे गुरू होते. 'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य', 'मेनका लास्यम्' ही त्यांची नृत्यनाट्ये. कथा जुन्या, पण मांडणी त्या वेळी अगदी नवी. आज ज्याला आपण समकालीन नृत्य म्हणतो, त्याची आपल्याकडची ही सुरुवातीची पावले होती.

या मेनकांच्या घरी एक मराठी मुलगी वाढत होती. दमयंती जोशी. जन्म 1928 चा, मुंबईचाच. मेनकांचे स्वतःचे मूल दगावले होते. या चुणचुणीत मुलीवर त्यांचा जीव जडला आणि तिला दत्तक घ्यावे असे त्यांच्या मनात आले. आता विचार करा. एकीकडे संचालकांचे घर, नावाजलेले गुरू, शिक्षणाची सोय. दुसरीकडे सामान्य परिस्थितीतली आई. कुणीही म्हटले असते, "देऊन टाक, पोरीचे कल्याण होईल." वत्सलाबाईंनी मुलगी देऊन टाकली नाही. पण "नाचबिच आमच्यात चालत नाही" म्हणून तिला ओढूनही नेले नाही. दोघींनी मिळून मुलीला वाढवायचे, असे ठरले. दमयंती मेनकांच्या घरी राहिली, नाच शिकली, संस्कृतही शिकली. पण ती जोशीच राहिली.

ही मधली वाट बोलायला सोपी आहे. तिच्यावरून चालणे किती कठीण असेल, याचा अंदाज ज्यांनी मुलांना शिकायला मावशीकडे किंवा वसतिगृहात ठेवले आहे, त्यांना येईल. आपले लेकरू दुसऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहून हसते, तिच्या घरच्या सवयी उचलते, आपल्या घरी आले की कुठेतरी अवघडते. हे सारे सोसून आईपण टिकवायचे.

1936 मध्ये मेनकांचा संच युरोपला निघाला. सोबत रामनारायण मिश्र यांच्यासारखे नर्तक होते, सखावत हुसेन खाँ यांची सरोद होती आणि छोटी दमयंतीही होती. दौरा 1938 पर्यंत चालला. जर्मनी, हॉलंड आणि आसपासच्या देशांत मिळून सातशेहून अधिक प्रयोग झाले. म्हणजे जवळजवळ रोज एक. रोज नवे गाव, रोज नवा रंगमंच, घुंगरांचे वजन तेच. आपल्याकडे तमाशाच्या फडावर आयुष्य काढलेल्या माणसांनाच या हिशेबातले कष्ट कळतील. टाळ्या पडदा पडेपर्यंत. त्यानंतर पेट्या भरायच्या आणि गाडी पकडायची.

त्याच वर्षी जुलैमध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरल्या होत्या. तिथे मेनकांच्या संचाचा गौरव झाला. हे वाचून आपली मान ताठ होते, आणि व्हावीच. पण ते बर्लिन हिटलरचे होते. खेळ आणि कला यांची रोषणाई करून आतला अंधार झाकण्याचे काम ते सरकार करत होते. ज्या शहरांत भारतीय नर्तकांना टाळ्या मिळत होत्या, त्याच शहरांतल्या ज्यू कलावंतांना रंगमंचावरून हाकलले जात होते. याच दौऱ्याच्या काळात मेनकांचा संच एका जर्मन चित्रपटातही झळकला. 'डेर टायगर फॉन एश्नापूर' हा तो 1938 चा चित्रपट. त्यातला हिंदुस्थान म्हणजे राजे, वाघ आणि गूढ मंदिरे. परदेशातली टाळी कानाला गोड लागते, पण ती कोण वाजवतो आणि कशासाठी, हेही पाहावे लागते. संचातल्या लहान मुलीला यातले काय कळणार! तिला एवढेच कळत असणार की, उद्या पुन्हा नाचायचे आहे.

मेनका काही एकट्याच गेल्या नव्हत्या. त्यांच्याआधी उदय शंकर यांनी ही वाट पाडली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेला हा तरुण पुढे लंडनला गेला आणि 1923 मध्ये पावलोवांबरोबर नाचला. त्यांनी नंतर स्वतःचा संच काढला. त्याचे संगीत सांभाळणाऱ्यांत विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी होते. या संचातही एक लहान मुलगा होता, उदय शंकरांचा धाकटा भाऊ रवी. 1930 मध्ये दहा वर्षांचा असताना तो पॅरिसला गेला आणि त्याच्याबरोबर आई हेमांगिनीदेवीही गेल्या. पाच वर्षांनी, 1935 मध्ये, संच पुन्हा परदेशी निघाला तेव्हा सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँही बरोबर होते. या वेळी आई मागे राहणार होती. मुंबई बंदरात तिने रवीचा हात खाँसाहेबांच्या हातात दिला आणि याला आपला समजा, असे विनवले. नंतरच्या वर्षी ती माउली गेली. मुलगा पुढे पं. रवि शंकर झाला. बंदरावरच्या त्या निरोपाची आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

नृत्याच्या इतिहासात संचालकांची नावे येतात, गुरूंची येतात, खर्च उचलणाऱ्यांचीही येतात. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या आईचे नाव क्वचित येते. ती काही नाचलेली नसते. तिने फक्त हात सोडलेला असतो. केव्हा सोडायचा आणि कुणाच्या हातात द्यायचा, एवढेच तिने ठरवलेले असते.

युरोपातून परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याच्या थंड हवेत 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. 1939 च्या सुमारास 'मालविकाग्निमित्र' रंगमंचावर आणले. कालिदासाच्या नाटकातली ही मालविका मूळची आपल्या विदर्भाची राजकन्या. दैवाच्या फेऱ्याने ती परक्या राजवाड्यात दासी म्हणून राहते, तिथेच नृत्य शिकते आणि नृत्यामुळेच सगळ्यांच्या नजरेत येते. दुसऱ्याच्या घरात राहून नाच शिकणाऱ्या मुलीची ही गोष्ट बसवताना मेनकांच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्यातल्या कादंबरीकाराला चाटून जातो. असो.

पुढे महायुद्ध पेटले, परदेशाचे रस्ते बंद झाले, खंडाळ्याची शाळाही टिकली नाही. 1947 मध्ये मेनका गेल्या. दमयंतीबाई तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. संच नाही, मेनकांची सावली नाही. इथे एखादी मुलगी कोलमडली असती. त्या पुन्हा शिकायला बसल्या. लखनौ घराण्याच्या लच्छू महाराज आणि शंभू महाराज या बंधूंकडे त्यांनी तालीम घेतली. जयपूर घराण्याचेही शिक्षण घेतले, भरतनाट्यमही शिकल्या. संचातली मुलगी आता एकटीने रंगमंच भरू लागली. 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 मध्ये पद्मश्री त्यांच्याकडे चालत आले. 2004 च्या सप्टेंबरात मुंबईत त्यांचे निधन झाले.

पण मला त्यांची सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांनी मेनकांवर पुस्तक लिहिले. संगीत नाटक अकादमीने ते 1989 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या बाईने नाच दिला, तिचे काम लोकांच्या विस्मरणात जाऊ नये म्हणून साठीतल्या लेकीने केलेली ही परतफेड. आणि ती केली ती दमयंती जोशी याच नावाने. दोन्ही घरांचे देणे एका मुखपृष्ठावर आले.

काळ बदलला, वाटा बदलल्या. मुंबईत इस्रायलहून आलेल्या येहुदा माओर या गुरूंच्या हाताखाली मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह ही दोन मुले पाश्चात्त्य बॅले शिकली. एकाचे वडील टॅक्सीचालक, दुसऱ्याचे वेल्डिंगचे काम करणारे. अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला, मनीष न्यूयॉर्कच्या 'पेरिडान्स' या समकालीन नृत्यसंस्थेत. सूनी तारापोरवाला यांनी 2020 मध्ये त्यांच्या कथेवर 'ये बॅले' हा चित्रपट काढला. आता बोटीऐवजी विमान आहे आणि पत्राऐवजी मोबाइलवर तोंड दिसते. पण घरातल्या ओट्यापाशी बसून "पाठवायचे की नाही" हे ठरवणाऱ्या आईबापांच्या छातीतली धडधड काही कमी झालेली नाही.

हे सगळे मी त्या बाईंना पुन्हा भेटून सांगितले. पावलोवा, बर्लिन यांत त्यांना फारसे स्वारस्य नव्हते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या जोशीबाईंनी दत्तक द्यायला नाही म्हटलं, तरी त्या मॅडमनी मुलीला शिकवलं?"

"शिकवलं," मी म्हटले.

बाई थोडा वेळ हातातल्या कापडाची घडी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मी पण तसंच बोलते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवते. शाळा सध्या इथंच. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन येईन, एस.टी.चं तिकीट माझं मी बघीन. मॅडमना चाललं तर पुढचं पुढं."

मॅडमना ते चालले. मे महिन्यात मुलगी पुण्याला गेली आणि शाळा सुरू होण्याआधी परत आली. बाई ठरल्याप्रमाणे चार वेळा जाऊन आल्या. मुलगी परदेशी जाईल की नाही, हे आज सांगता येणार नाही, आणि त्याची घाईही कुणाला नाही. मी सहज विचारले, "आल्यावर लाजली का तुमच्याजवळ यायला?"

"छे हो," बाई हसल्या. "दारातनंच ओरडत आली, भूक लागली म्हणून."