बचावपटू ते मॅनेजर (भाग ६) : जॅक चार्ल्टनचा आयर्लंड

गेल्या आठवड्यात आपण फ्रान्झ बेकनबाउअरबद्दल बोललो. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर तो पश्चिम जर्मनीकडून खेळत होता, तेव्हा समोर इंग्लंडच्या बचावफळीत एक उंच, लांब मानेचा, वयाची एकतिशी गाठलेला गडी उभा होता. जॅक चार्ल्टन. बेकनबाउअरच्या पायात जी सहजता होती, तिचा जॅकपाशी मागमूसही नव्हता. आपल्याला काय येत नाही हे मात्र त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि पुढे मॅनेजर म्हणून त्याने जे उभं केलं त्याचं मूळ तिथेच आहे.

जॅकचा जन्म १९३५ चा, उत्तर इंग्लंडमधल्या अॅशिंग्टन या कोळसाखाणींच्या गावातला. वडील खाणकामगार. आईच्या माहेरी फुटबॉल रक्तातच होतं. न्यूकॅसलचा लाडका आघाडीपटू जॅकी मिलबर्न तिचा चुलतभाऊ. धाकटा भाऊ बॉबी लहानपणापासूनच असामान्य आणि सगळ्यांच्या नजरेत भरलेला. जॅक पंधराव्या वर्षी खाणीत उतरला, तिथलं काम पाहून लवकरच बाहेर पडला आणि लीड्स युनायटेडमध्ये दाखल झाला. १९५३ ते १९७३ एवढा काळ तो एकाच क्लबकडून खेळला. ७७३ सामने, लीड्सचा हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

यातली पहिली काही वर्षं वायाच गेली म्हणायची. भांडखोर, शिस्तीला न जुमानणारा अशी त्याची ख्याती होती. १९६१ मध्ये डॉन रेव्ही मॅनेजर झाला आणि दोघांचे खटके उडाले. पण त्या खटक्यांतूनच जॅक सुधारला. इंग्लंडची पहिली टोपी मिळाली ती एप्रिल १९६५ मध्ये, तिसावा वाढदिवस महिन्याभरावर आलेला असताना. ‘मला का निवडलंत?’ असं त्याने पुढे इंग्लंडचा मॅनेजर अल्फ रॅम्सीला विचारलं होतं. माझ्या डोक्यात खेळाचा एक साचा आहे, त्यात बसणारे खेळाडू मी घेतो, ते प्रत्येक वेळी सर्वोत्तमच असतात असं नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. हा किस्सा जॅक आयुष्यभर सांगत राहिला. दुसऱ्या कुणी हा अपमान मानला असता, जॅकने तो धडा मानला.

खेळत असतानाच तो लिलशॉलला फुटबॉल असोसिएशनच्या प्रशिक्षणवर्गांना जायचा. बचावपटूला मैदानाची एक बाजू फार चांगली कळते: आपल्याला काय नकोसं होतं ती. लीड्सच्या कॉर्नरला जॅक थेट गोलरेषेवर, प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या तोंडासमोर जाऊन उभा राहायचा. गोलरक्षकाला ना पुढे येता यायचं, ना चेंडू नीट दिसायचा. त्यावरून तेव्हा बरीच आरडाओरड झाली. आपल्या गोलरक्षकाला जे छळेल ते समोरच्यालाही छळेल, इतका तो सरळ विचार होता.

१९७३ मध्ये मिडल्सब्रोने त्याला मॅनेजर म्हणून घेतलं. पहिल्याच हंगामात संघाने दुसरा विभाग तब्बल १५ गुणांच्या फरकाने जिंकला, तेही विजयाला दोनच गुण मिळण्याच्या काळात. तेव्हाच्या बचावफळ्या ऑफसाइडसाठी पुढे सरकायच्या, म्हणजे त्यांच्या पाठीमागे मोकळी जागा राहायची. जॅकने अॅलन फॉगन या वेगवान खेळाडूला मागून धावत त्या जागेत घुसायला लावलं. मागून सुटलेला माणूस ऑफसाइड होत नाही. पुढे शेफिल्ड वेन्सडेला त्याने तिसऱ्या विभागातून वर काढलं. न्यूकॅसलमध्ये मात्र एकाच हंगामानंतर प्रेक्षकांची हुर्यो ऐकून तो निघून गेला. १९७७ मध्ये इंग्लंडच्या मॅनेजरपदासाठी त्याने अर्ज केला होता; असोसिएशनने साधं उत्तरही पाठवलं नाही. ही गोष्ट त्याला कायम लागून राहिली.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आयर्लंडने त्याला बोलावलं. विश्वचषक असो की युरो, मुख्य फेरीत हा देश तोवर कधीच पोचला नव्हता. इंग्रज माणूस आपला संघ चालवणार, हे अनेकांना रुचलं नव्हतं.

आता त्याची पद्धत जरा सावकाश समजून घेऊ, कारण तिला ‘नुसतं लाथाळणं’ म्हणून मोडीत काढणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. ऐंशीच्या दशकात युरोपातले संघ मागून खेळ रचायचे. स्वीपर चेंडू घ्यायचा, तो फुल बॅककडे किंवा मधल्या सूत्रधाराकडे जायचा आणि तिथून गाडी पुढे सरकायची. प्रत्येकाला समोर बघत खेळायची सवय. बचावपटूला सगळ्यात नकोसं काय, तर वळून आपल्याच गोलकडे तोंड करून धावणं, आणि तेही कुणीतरी मानगुटीवर असताना. जॅकने वीस वर्षं हेच भोगलं होतं. म्हणून आयर्लंडचा लांब चेंडू मधोमध न जाता फुल बॅकच्या पाठीमागे, कोपऱ्याच्या दिशेने जायचा. मधोमध गेला असता तर गोलरक्षकाने सहज उचलला असता. कोपऱ्यात गेला की फुल बॅकला वळावंच लागायचं. आघाडीपटू त्याच्या अंगावर, मधली फळी मागोमाग वर सरकलेली. मग थ्रो-इन, कॉर्नर किंवा चूक, यातलं एक काहीतरी पदरात पडणारच. आज ज्याला ‘हाय प्रेस’ म्हणून नावाजलं जातं, त्याचंच हे राकट रूप आहे, असं माझं ठाम मत आहे.

१२ जून १९८८, श्टुटगार्ट. आयर्लंडचा युरोमधला पहिलाच सामना, आणि समोर इंग्लंड. सहाव्या मिनिटाला टोनी गॅल्विनने डावीकडून चेंडू कसाबसा गोलक्षेत्रात टाकला. इंग्लंडचा फुल बॅक केनी सॅन्सम गडबडला; त्याची किक चुकून चेंडू सरळ वर उडाला. जॉन ऑल्ड्रिजने तो डोक्याने रे हाउटनकडे ढकलला आणि हाउटनने डोक्यानेच पीटर शिल्टनला चकवून गोल केला. पुढची जवळपास ८५ मिनिटं इंग्लंडने गोलसमोर मुक्काम ठोकला, पण आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बोनर हलला नाही. १–०.

ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, हाउटन ग्लासगोचा, पुढे कर्णधार झालेला मिक मॅकार्थी बार्न्सलीचा. आईवडील किंवा आजीआजोबा आयरिश असतील तर त्या देशाकडून खेळता येतं, या नियमाचा जॅकने पुरेपूर वापर केला. पोटापाण्यासाठी पिढ्यान्पिढ्या घर सोडावं लागलेल्या देशाची ती नातवंडंच होती; त्यांना उपरे म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही.

साच्याची किंमतही होती. लिअम ब्रॅडीसारखा चेंडूशी बोलणारा मध्यरक्षक जॅकच्या योजनेत मावेना. १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात मध्यंतराआधीच त्याला बाहेर काढलं, तेही डब्लिनच्या प्रेक्षकांदेखत. ब्रॅडीने निवृत्ती पत्करली. इथे जॅक निष्ठुर होता, आणि त्याची भलामण करायचं कारण नाही. डेव्हिड ओ'लिअरीलाही त्याने बराच काळ बाहेर ठेवलं होतं. पण १९९० च्या विश्वचषकात जिनोआला रोमेनियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये बोनरने टिमोफ्टेचा फटका अडवला आणि निर्णायक पेनल्टी मारायला पुढे आला तो ओ'लिअरीच.

त्या स्पर्धेत आयर्लंडने एकही सामना खेळाच्या वेळेत जिंकला नाही, पाच सामन्यांत दोनच गोल केले आणि तरी उपांत्यपूर्व फेरी गाठली. रोममध्ये स्किलाचीच्या एका गोलने इटलीने त्यांना रोखलं. इजिप्तविरुद्धचा ०–० सामना बघवत नव्हता. आयर्लंडचा माजी खेळाडू इमन डन्फीने टीव्हीवर संतापून पेन फेकून दिलं. चेंडू मागे द्यायचा, गोलरक्षकाने हातात धरून वेळ काढायचा, याचा त्या विश्वचषकात अतिरेक झाला आणि १९९२ मध्ये नियमच बदलला: सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने उचलायचा नाही. डन्फीचा राग रास्त होता, पण इजिप्तनेही त्या दिवशी खेळायचा प्रयत्न केला नव्हता, हे तो विसरला.

माझ्या मते जॅकचा सर्वोत्तम सामना १८ जून १९९४ चा, विश्वचषकात जायंट्स स्टेडियमवर इटलीविरुद्धचा. अकराव्या मिनिटाला लांब चेंडू आला आणि फ्रँको बरेसीसारख्या महान बचावपटूचा हेडर अर्धवट पडला. हाउटनने तो छातीवर घेतला आणि डाव्या पायाने पाल्युकाच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. उरलेला वेळ बचावपटू पॉल मॅकग्राने सांभाळला. गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झालेल्या आणि दारूच्या व्यसनाशी झगडणाऱ्या मॅकग्राला जॅकने एरवीच्या कठोरपणाने वागवलं नाही. सराव कमी, सांभाळून घेणं जास्त. रॉबर्टो बॅजिओचं त्या दिवशी काही चाललं नाही.

पुढे प्रतिस्पर्धी शहाणे झाले, खेळाडूंचे पाय जड झाले. १९९५ च्या जूनमध्ये चिमुकल्या लिक्टनस्टाइनने आयर्लंडला ०–० रोखलं. डिसेंबरमध्ये अॅनफिल्डवर नेदरलँड्सविरुद्ध क्लुइव्हर्टच्या दोन गोलांनी युरोचं दार बंद झालं आणि जॅकने पद सोडलं. त्यानंतर त्याने कुठलाच संघ हाती घेतला नाही. १९९६ मध्ये आयर्लंडने त्याला मानद नागरिकत्व दिलं. ज्या देशाने त्याच्या अर्जाला उत्तर दिलं नव्हतं त्या इंग्लंडला त्याच्या आयर्लंडने एकदा हरवलं आणि १९९० च्या विश्वचषकासह तीनदा बरोबरीत रोखलं. त्याच्या कारकिर्दीत इंग्लंडला आयर्लंडवर एकदाही विजय मिळवता आला नाही.

(क्रमशः)