गोदामांच्या रांगांपासून जकातीच्या रांजणापर्यंत

ठाणे जिल्ह्यातील शहरांची आणि तेथील प्रेक्षणीय स्थळांची ओळख करून देताना सुरुवात बहुधा ठाण्याच्या तलावांपासून होते आणि भिवंडीचे नाव आलेच, तर वज्रेश्वरीच्या वाटेवरचा थांबा म्हणून येते. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, की हा क्रम उलटा असायला हवा असे वाटू लागते. कारण कामवारी नदीच्या काठी, वसईच्या खाडीपासून जवळ वसलेल्या या शहरातूनच खाडीकडचा, घाटाकडचा आणि मुंबईकडचा असे तिन्ही रस्ते फुटतात आणि जिल्ह्यातील बहुतेक गावांना ज्याने जन्म दिला, तो मालाच्या वाहतुकीचा व्यवहार आजही येथेच सर्वांत उघडपणे दिसतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात तालुके उरले. एवढ्याशा मुलखात सहा महानगरपालिका आहेत. तुलनेसाठी जपानचे उदाहरण घेता येईल. तेथे देशाचे ४७ विभाग असून त्यांपैकी बहुतेकांना ‘केन’ म्हणतात. प्रत्येक विभागाला निवडून आलेला राज्यपाल आणि स्वतःची विधानसभा असते, त्यामुळे तेथील शहरे, देवळे, गरम पाण्याचे झरे, खाद्यपदार्थ हे सारे एकाच नावाखाली पाहुण्यांपुढे मांडले जाते. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अधिकार शहराच्या वेशीवर संपतो आणि महानगरपालिकेचा वेशीबाहेर सुरूच होत नाही. परिणामी अंबरनाथचे देऊळ, वज्रेश्वरीची कुंडे आणि भिवंडीचे माग ही एकाच प्रदेशाची अंगे आहेत, हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

भिवंडीची पहिली ओळख डोळ्यांना नव्हे, कानांना होते. अरुंद गल्ल्यांतील पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छपराखाली यंत्रमागांच्या रांगा उभ्या असतात आणि त्यांची खटखट रस्त्यावर येऊन मिसळते. कापड विणताना उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. ताण्याचे सूत आधी सायझिंगच्या कारखान्यात जाते, तेथे त्याला खळ देऊन ते ‘भीम’ नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळले जाते, म्हणजे मागावरच्या घासाघाशीत धागा तुटत नाही. बाण्याचे सूत कांडीवर भरून ती कांडी धोट्यात बसवली जाते आणि हा धोटा ताण्याच्या दोन पदरांमधून इकडून तिकडे फेकला जातो. तो प्रत्येक फेकीला आदळतो, त्याचाच हा आवाज. कारागीर एका वेळी अनेक माग सांभाळतो; त्याचे लक्ष कापडापेक्षा तुटलेल्या धाग्याकडे आणि संपत आलेल्या कांडीकडे असते, कारण मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते आणि थांबलेला माग काही देत नाही. तयार होणारे कापड बिनरंगी असते, त्याला ग्रे कापड म्हणतात. रंगाई आणि छपाईसाठी ते बाहेर जाते, त्यामुळे भिवंडीत विणलेल्या कापडाचा सदरा घालणाऱ्याला त्यावर भिवंडीचे नाव कधी दिसत नाही.

हा व्यवसाय येथे कसा रुजला, याचे उत्तर स्थलांतरात आहे. १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी, ब्राह्मण आणि प्रभू येथे होतेच. पुढे तेलुगू भाषक पद्मशाली विणकर आले आणि त्यांच्या वस्तीला पद्मानगर हे नाव पडले. विसाव्या शतकात वीज आल्यावर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे बरेच काम यंत्रमागांकडे वळले आणि भिवंडी देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक बनली. घर सोडून एकट्याने आलेल्या कारागिरांसाठी येथे ‘भिसी’ चालते. भिसी म्हणजे महिन्याच्या हिशोबावर दोन वेळचे जेवण देणारी खाणावळ, आणि शहराच्या खाद्यसंस्कृतीबद्दल बोलायचे तर कोणत्याही नामांकित हॉटेलाआधी तिचा उल्लेख व्हायला हवा.

जपानच्या आइची विभागातील इचिनोमिया हे लोकरी कापडाचे गाव येथे आठवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तेजीत तेथे ‘गाचामान’ हा शब्द रूढ झाला. माग एकदा ‘गाचा’ असा वाजला की ‘मान’, म्हणजे दहा हजार येन, हाती येतात असा त्याचा अर्थ. कारखान्यात आवाजामुळे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून मालक मंडळी व्यापाऱ्यांना कॉफीच्या दुकानात नेत आणि सकाळच्या कॉफीसोबत टोस्ट व अंडे फुकट देण्याची प्रथा तेथूनच पडली असे तेथे सांगतात. आज ही न्याहारी त्या गावाचे पर्यटनाचे आकर्षण आहे. भिवंडीतही सूत आणि कापडाचे सौदे चहाच्या टेबलावरच होतात, परंतु चहा पाजून पाहुण्यांना आकर्षित करावे हे अद्याप कोणाला सुचलेले नाही.

भिवंडीचे नाव १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी डागाळले, हे टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मात्र त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. वस्तीतील सर्व समाजांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस यांना नियमितपणे एकत्र बसवणारी ही व्यवस्था होती, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या प्रयोगाचा अभ्यास पुढे देशभर झाला.

मागांच्या शहराला वेढून आता गोदामांचे दुसरे शहर उभे आहे. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे या गावांतून जाताना दोन्ही बाजूंना एकसारखी पत्र्याची गोदामे आणि त्यांच्या दाराशी पाठ लावून उभे असलेले ट्रक दिसतात. याचे मूळ जकातीत आहे. जकात म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर. मुंबईत माल नेला की ती भरावी लागे, उलट भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांनी माल येथे साठवायचा आणि मागणी येईल तसतसा मुंबईत न्यायचा असा रिवाज पाडला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, कारण तोवर महामार्ग, न्हावाशेवाचे बंदर आणि घरपोच खरेदीचा व्यापार यांनी त्यांना दुसरा आधार दिला होता. मुंबईकराच्या दाराशी येणाऱ्या कितीतरी खोक्यांचा आदला मुक्काम याच गावांत असतो.

याच तालुक्यातील अंजूर हे गाव गंगाजी नाईक अंजूरकरांचे. पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेत त्यांनी मोठी कामगिरी केली. त्याच मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर मंदिर बांधून तो फेडला गेला, अशी परंपरा आहे. मंदिराची बांधणी किल्ल्यासारखी आहे, ती कदाचित त्यामुळेच. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठाने गरम पाण्याची कुंडे आहेत. ज्वालामुखी खाली धुमसतो आहे अशी समजूत ऐकू येते, ती खरी नाही. कोकणच्या खडकांत लांबवर गेलेल्या भेगांमधून पावसाचे पाणी खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. राजापूरपर्यंत अशा उन्हाळ्यांची, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांची, रांगच आहे. गणेशपुरीत नित्यानंद स्वामींचे वास्तव्य होते. १९६१ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला.

भिवंडी तालुक्यातीलच लोनाडला यात्रेकरूंची गर्दी नसते, त्यामुळे तेथे निवांतपणे पाहता येते. डोंगराच्या कुशीत एक बौद्ध लेणे आहे आणि गावाजवळच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ मधील, म्हणजे सन १२३९ च्या सुमाराचा, शिलालेख सापडला. तो गधेगळ या प्रकारचा आहे. गधेगळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीवर रोवलेली शिळा. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी चित्ररूपाने कोरलेली. वाचता न येणाऱ्यालाही कायदा कळावा अशी ती सोय होती, भाषा मात्र सभ्य नव्हे.

ठाणे शहराबद्दल येथे थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी, मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचे देऊळ आणि १८९३ पासूनचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही नावे सर्वपरिचित आहेत. तुलनेने कमी जणांना ठाऊक असते, की शहरातील तुरुंग हा मुळात किल्ला आहे आणि १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन तेथूनच निसटले. डोंबिवलीने १९९९ मध्ये गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा सुरू केली आणि ती आता गावोगावी गेली आहे.

कल्याणचे वय मात्र फार मोठे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासी-मार्गदर्शिकेत या बंदराचा उल्लेख आहे; पूर्वी ते रीतसर व्यापारपेठ होते, पण पुढे राजकीय अडथळे येऊन तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात म्हटले आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठा आरमाराच्या प्रारंभाशी खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याचे नाव जोडले गेले. आनंदीबाई जोशी यांचा जन्मही १८६५ मध्ये कल्याणचाच. रेल्वे येथे १८५४ मध्ये पोचली, आणि घाटांकडे जाणाऱ्या दोन्ही लोहमार्गांचा फाटा येथेच फुटत असल्यामुळे बंदराचे गाव जंक्शनचे गाव झाले.

शेजारचे उल्हासनगर हे महायुद्धातील लष्करी छावणीचे फाळणीनंतर झालेले शहर आहे. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या बराकींत जागा देण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर’ सांगतात. येथे शिवल्या जाणाऱ्या मालावरील ‘यूएसए’ ही अक्षरे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ची आहेत, हा विनोद सगळ्यांत जास्त तेथील व्यापारीच सांगतात.

उल्हासनगरची वालधुनी नदी ज्याच्या जवळून वाहत येते, ते अंबरनाथचे शिवमंदिर हे जिल्ह्यातील सर्वांत श्रेष्ठ शिल्प होय. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात, शके ९८२ म्हणजे सन १०६० मध्ये, ते पूर्ण झाल्याचे तेथील लेखावरून दिसते. त्याची बांधणी भूमिज शैलीची आहे. या शैलीत शिखराच्या चारही अंगांना खालून वर उभ्या पट्ट्या जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत शिखराच्याच छोट्या प्रतिकृती एकावर एक, वर जाताना लहान होत गेलेल्या, रचलेल्या असतात. भिंत सरळ नाही, ती कोपऱ्याकोपऱ्यांनी आत-बाहेर होत जाते, त्यामुळे दुपारच्या उन्हात काळ्या पाषाणावर सावल्यांच्या उभ्या रेघा पडतात आणि प्रत्येक कोपऱ्यावरची मूर्ती वेगवेगळ्या वेळी उजळते. सभामंडपातून गाभाऱ्यात जाताना चढावे न लागता पायऱ्या उतराव्या लागतात. खाली पोचून वर पाहिले, की मोडलेल्या शिखरातून आभाळ दिसते. बाहेर कारखाने, झोपड्या आणि काळवंडलेले पाणी यांनी मंदिराला वेढले आहे. नदीची ही अवस्था देवळापुढे अधिकच बोचते.

शहापूर तालुक्याकडे मुंबईकराने खरे तर कृतज्ञतेने पाहायला हवे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आणि पुढचे भातसा धरण याच तालुक्यात असून भातसेचे पाणी भिवंडी तालुक्यातील पिसे येथे उचलून पांजरापूरला शुद्ध केले जाते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांच्या शेजारून मोठमोठ्या जलवाहिन्या शहराकडे जातात. माथ्यावर सुळक्यांची रांग असलेला माहुलीचा गड येथलाच; निजामशाही वाचवण्याच्या अखेरच्या झुंजीत, १६३६ मध्ये, शहाजीराजांनी त्याचाच आश्रय घेतला होता.

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला गुरांची यात्रा भरते आणि सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. याच तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण लागते. माथा पुणे जिल्ह्यात येतो. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी एकाच दगडातून कोरलेला मोठा रांजण उभा आहे. कोकणातून वर येणाऱ्या आणि जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणाऱ्या मालाची जकात त्यात टाकली जात असे, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. जुन्नर-ओतूरचा भाजीपाला आता शेजारच्या माळशेज घाटातून रात्री ट्रकने उतरतो आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत पोचतो; रांजणाजवळ थांबतात ते डोंगरभटके, पाण्याच्या बाटल्या काढून.