दुर्मीळ गाठ, वंशाचे आकडे आणि हातातली वेळ

लाखांदूर तालुक्यात पाऊस स्थिरावला की धानाची रोवणी सुरू होते आणि बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. अशा दिवसांत स्तनात एखादी गाठ हाताला लागली आणि ती दुखत नसली, तर ती कोणाला सांगायची आणि दवाखान्यात कधी जायचे? ‘रोवणी आटोपू दे’, मग ‘धान घरी येऊ दे’ असे करता करता सहा महिने निघून जातात. तरुण वयातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, हे खरे. पण त्यांच्याच वेशात येणारी एक दुर्मीळ गाठ आहे आणि तिच्या बाबतीत सहा महिने फार होतात.

तिचे नाव फायलॉइड्स ट्यूमर. ग्रीक भाषेत पानाला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. गाठ कापल्यावर आत पानांसारख्या घड्या दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी 1838 मध्ये तिचे वर्णन केले. स्तनाच्या सर्व गाठींत तिचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सौम्य, सीमारेषेवरची आणि मारक असे तिचे तीन प्रकार आहेत. बहुतांश गाठी सौम्य असतात, पण सौम्य गाठही अपुरी काढली तर त्याच जागी पुन्हा उगवू शकते. मारक प्रकार रक्तावाटे फुफ्फुसापर्यंत पोचतो.

ही गाठ सगळ्या समाजांत सारखी आढळते का? अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याच्या कर्करोग नोंदणीवरून 1993 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मारक फायलॉइड्सचे प्रमाण तेथे दर दहा लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे दोन होते. लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांत ते इतरांपेक्षा अधिक, म्हणजे 2.8 आढळले. त्यातही मेक्सिको किंवा मध्य व दक्षिण अमेरिकेत जन्मून पुढे अमेरिकेत आलेल्या स्त्रियांना धोका तीन ते चार पट होता. अमेरिकेतच जन्मलेल्या, त्याच वंशाच्या स्त्रियांत तो तेवढा नव्हता. वंश एकच, जन्मभूमी वेगळी आणि धोकाही वेगळा. म्हणजे सगळा दोष रक्ताला देता येत नाही.

महाराष्ट्रातील आकडे नेहमीच्या स्तनाच्या कर्करोगाचे आहेत, फायलॉइड्सचे नाहीत. तरीही ते हीच गोष्ट सांगतात. मुंबईत 1963 मध्ये देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्यात पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा जास्त आढळला. उशिरा लग्न, कमी मुले किंवा मूल नसणे ही त्याची काही कारणे सांगितली गेली. पुढे 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांसाठी ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी दिसले. भाषा तीच, राज्य तेच. फरक होता तो लग्नाच्या वयात, बाळंतपणांत, आहारात आणि श्रमात.

मग वंशाच्या आकड्यांचा लाखांदूरच्या बाईला उपयोग काय? एक उपयोग नक्की आहे. पाश्चात्त्य देशांत फायलॉइड्स साधारण चाळिशी-पंचेचाळिशीत दिसते. आशियाई स्त्रियांत ती कमी वयात, कधी पंचविशी-तिशीतच आढळते. नेमक्या याच वयात फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची साधी गाठ सर्रास होते. तीही गोल, गुळगुळीत, बोटाखाली सरकणारी आणि न दुखणारी. 2014 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांना फायब्रोअ‍ॅडिनोमात मेड-12 या जनुकातील बदल सापडला आणि नंतर तोच बदल फायलॉइड्समध्येही दिसला. हा बदल गाठीतल्या पेशींतच झालेला असतो, आईकडून लेकीला आलेला नसतो. पण त्यावरून दोन्ही गाठी किती जवळच्या आहेत, ते कळते. त्यामुळे ‘वय लहान आहे, साधीच असेल’ हा अंदाज आपल्याकडे जपून करावा लागतो.

ओळखीची खूण म्हणजे वाढीचा वेग. लिंबाएवढी गाठ काही महिन्यांत संत्र्याएवढी झाली, वरची कातडी ताणून चकचकीत झाली, निळ्या शिरा दिसू लागल्या, तर वाट पाहू नये. सोनोग्राफीत दोन्ही गाठी सारख्याच दिसू शकतात. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरूनही अनेकदा निदान होत नाही. त्यापेक्षा जाड सुईने तुकडा घेऊन केलेली तपासणी, म्हणजे कोअर बायोप्सी, अधिक भरवशाची असते.

निदान आधी हवे, कारण शस्त्रक्रियेची रीत त्यावर ठरते. फायब्रोअ‍ॅडिनोमा टरफलातून दाणा काढावा तशी अलगद सोडवता येते. सीमारेषेवरची आणि मारक फायलॉइड्स मात्र भोवतालच्या निरोगी भागाची साधारण एक सेंटिमीटर कड घेऊन काढायची असते. ही गाठ काखेतल्या गाठींत क्वचितच पसरते, म्हणून काख उघडण्याची गरज सहसा पडत नाही. केमोथेरपीचा उपयोगही मर्यादितच. पहिली शस्त्रक्रिया नीट होणे हाच मुख्य उपचार आहे. काढलेली गाठ, कितीही साधी वाटली तरी, तपासणीला पाठवलीच पाहिजे. तो अहवाल रेशनकार्डासारखा जपून ठेवावा. गाठ पुन्हा आली, तर पुढच्या डॉक्टरांना सर्वांत आधी तोच लागतो.

राहिला प्रश्न मोजणीचा. नागपूरची कर्करोग नोंदणी 1980 पासून चालू आहे, पण अशी नोंदणी ठरलेल्या क्षेत्रात राहणाऱ्यांचीच होते. लाखांदूरची बाई उपचाराला नागपूरला गेली, तरी शहराच्या आकड्यात ती धरली जात नाही. दुर्मीळ आजारात दहा-वीस नोंदी निसटल्या तरी चित्र बदलते. झाडीपट्टीत अशी गाठ ‘नाही’ असे वाटत असेल, तर ती मोजली गेलेली नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आकडे जमायला वर्षे लागतील. गाठ मात्र तेवढी थांबत नाही. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत स्तनाची तपासणी मोफत होते. त्याआधीच्या वयात गाठ लागली, तर आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथे आज गाठीचे माप कागदावर लिहून घेतले, तर पुढच्या भेटीत ती वाढली की नाही, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. रोवणी चार दिवस शेजारीण सांभाळू शकते. वाढत्या गाठीसाठी मात्र वेळ त्या बाईनेच काढायला हवा, आणि घरच्यांनी तिला तो मिळू द्यायला हवा.